तिसऱ्या कप्प्याचं उत्तर

ऑसिलोस्कोप चालू केल्यावर पहिली चार-पाच सेकंदं पडद्यावर काहीच दिसत नाही. नवी मुलं तेवढ्यात घाबरतात, बटण परत दाबतात, हाताला येईल ते फिरवतात आणि नसलेला बिघाड करून ठेवतात. माझ्या नोकरीतला बराच वेळ अशा मुलांच्या अंगावर खेकसण्यात गेला. ‘थांबा की जरा, आत हजेरी चाललीय,’ मी म्हणायचो. त्यांना ती थट्टा वाटायची. मी थट्टा फारशी करत नाही.

विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा चढतो-उतरतो ते पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो, तेव्हा तिथं लहान स्कोप दहा-बारा होते आणि मोठा एकच. मोठा कुठल्याशा संशोधन संस्थेनं वापरून काढून टाकलेला होता. लाकडी खोक्यातून आला, चौघांनी मिळून दुसऱ्या मजल्यावर चढवला आणि मग वर्षभर त्याला कोणी हात लावला नाही, कारण बिघडला तर खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते ठरलेलं नव्हतं.

त्याची रचना अशी. एक मोठी पेटी, तिला मेनफ्रेम म्हणतात. पडदा, वीजपुरवठा आणि हुकूम सोडणारा प्रोसेसर, सगळं तिच्यात. पेटीला पुढून चार कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक मॉड्यूल सरकवून बसवायचं. बाहेरचा सिग्नल मॉड्यूलनं घ्यायचा, पेटीनं तो दाखवायचा. पण मॉड्यूलला स्वतःचं एकही बटण नाही. सिग्नल किती पट वाढवायचा, किती छाटायचा, हे सगळं त्याला पेटी सांगणार. हे सांगणं-ऐकणं चालतं तीन तारांवर. एका तारेवर नुसते ठोके. दुसरीवरून पेटीचा हुकूम जातो, तिसरीवरून मॉड्यूलचं उत्तर येतं. दर ठोक्याला एकच खूण, शून्य किंवा एक. हलगीच्या ठेक्यावर लेझमीचं एकेक पाऊल पडावं तशा खुणा एकामागून एक जातात, आणि ठरलेले ठोके पुरे झाले की एक शब्द होतो. याला सीरियल म्हणतात.

पेटी चालू झाली की पहिल्या कप्प्याला विचारते, तू कोण. तिथलं मॉड्यूल आपला क्रमांक सांगतं. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला. प्रत्येकासाठी ती ठराविक वेळ थांबते. उत्तर आलं नाही तर तो कप्पा रिकामा धरून पुढं जाते. मग मॉड्यूल तिथं डोळ्यांदेखत बसलेलं असो, त्याचा दिवा लागलेला असो, पेटीच्या लेखी ते नसतं. आणि मॉड्यूल आपणहून तोंड उघडत नाही. विचारलं तरच बोलतं.

हे सगळं मी अण्णांकडून शिकलो. अण्णा आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. कागलजवळच्या गावातलं शेतकरी घर, लहानपणी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकलेला हात. यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वीटभर जाड होतं. त्यातलं इंग्रजी अण्णांना झेपायचं नाही, आणि त्यातले जोडण्यांचे नकाशे मला झेपायचे नाहीत. म्हणून मी वाचायचो आणि ते समजायचे. मी एखाद्या ओळीवर अडलो की ते म्हणायचे, ‘वाच की फुडं, का पगार झोपायचा घेतोस?’ पण त्या पुस्तकातलं ठोक्यांचं चित्र ज्या दिवशी मला त्यांच्या आधी समजलं, त्या दिवशी त्यांनी मला दोन वेळा समजावून सांगायला लावलं आणि दोन्ही वेळा चहा पाजला. महिन्याभरात आम्ही दोघांनी ते धूड चालू केलं.

मी बौद्ध घरातला, कुरुंदवाडजवळच्या गावचा. वडील पोस्टात होते. माझी नेमणूक तात्पुरती होती, दर जूनला नवा आदेश मिळायचा. पुढच्या जानेवारीत सहायकाची एक कायम जागा भरायची होती आणि विभागप्रमुखांनी मला वऱ्हांड्यात थांबवून सांगितलं होतं, ‘वर्षभर कागद स्वच्छ ठेव, जागा तुझीच आहे.’ एका खोलीत बायको, वर्षाची मुलगी आणि मी राहत होतो. वडिलांच्या पत्रात नातीची चौकशी दुसऱ्या ओळीत असायची. पहिली ओळ नेहमी एकच, कायम झालास का.

त्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट आहे. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. उद्यमनगरात लेथला हार पडतात, गॅरेजवाले पान्यांना कुंकू लावतात, तसं प्रयोगशाळेत यंत्रांना. यंत्र एक असलं तरी त्याचे भाग वेगळे, प्रत्येकाचा मान वेगळा, असं अण्णांचं मत. म्हणून त्यांनी चारही मॉड्यूल पेटीतून ओढून काढली आणि धुतलेला पंचा अंथरून त्यावर ओळीनं मांडली. एकेका मॉड्यूलच्या पत्र्यावर हळद-कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. मागच्या सोनेरी पट्ट्यांना ओला हात लागू नये याची त्यांना इतकी काळजी, की पूजेला बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी दटावलं. तीनही तारांची जोडणी त्या पट्ट्यांतूनच होती.

मी पूजेत नसायचो. दाराजवळच्या स्टुलावर बसायचो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं आणि मलाही नाही. खोबरं द्यायचे, मी खायचो. शेवटी अण्णांनी कुंकवात लाल केलेल्या तांदळाची चिमूट मॉड्यूलवर टाकली, पेटीवर टाकली. मग खाली वाकून रिकाम्या कप्प्यांत डोकावले. ‘पोटात बी पडाय पायजेत,’ म्हणाले, आणि चार कप्प्यांत चार चिमटी टाकल्या. त्यांना भीती फक्त ओलीची होती. तांदूळ कोरडे होते.

पूजा आटोपल्यावर मॉड्यूल परत बसवायची होती. सगळ्यांचे हात कुंकवानं भरलेले. स्वच्छ हात माझे एकट्याचे. ‘तू बशीव,’ अण्णा म्हणाले. मी पेटी पुढं कलती करून दाणे झटकले, कप्पे फडक्यानं पुसले आणि चारही मॉड्यूल सरकवली. तिसरं जरा जड गेलं. मी अंगठ्यानं रेटलं, बसलं. चालू करून बघायला हवं होतं, पण वीज गेलेली होती. आली तेव्हा सगळे घरी गेले होते. नंतर परीक्षा लागल्या आणि मोठा स्कोप कोणी लावला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी पाहणी समिती आली. असल्या समित्यांपुढं मोठा स्कोप मांडायचा, हा विभागप्रमुखांचा रिवाज. चार कप्पे, चार रेघा, वेगवेगळ्या उंचीवर. तेवढ्यावर पाहुणे खूश होऊन चहाला जायचे. मी बटण दाबलं. चार-पाच सेकंदं गेली. पहिली रेघ आली, दुसरी आली, चौथी आली. तिसऱ्याच्या जागी पडद्यावर अक्षरं आली, कप्पा तीन रिकामा. समितीतले चष्मेवाले गृहस्थ खाली वाकले. मॉड्यूल तिथं होतं, दिवाही लागलेला. त्यांनी पडद्याकडं बघितलं, परत मॉड्यूलकडं बघितलं.

‘तुमचं यंत्र म्हणतंय इथं काही नाही,’ ते म्हणाले. ‘आहे की.’

विभागप्रमुख हसले. त्यांनी हसायला नको होतं. समिती गेल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘शेवटचा हात कोणाचा?’ यंत्राच्या नोंदवहीत शेवटची सही माझी होती. येत्या सोमवारी सगळ्यांना बसवून विचारतो, म्हणाले. जानेवारी दोन महिन्यांवर होती.

मी दुसऱ्या दिवशी बिघाडाच्या मागं लागलो. तिसऱ्या कप्प्यातलं मॉड्यूल काढून पहिल्यात घातलं, तर बोललं. पहिल्यातलं तिसऱ्यात घातलं, तर गप्प. म्हणजे दोष मॉड्यूलचा नव्हे, कप्प्याचा. मग एक लहान स्कोप घेऊन मोठ्याच्या तारांवर लावला. ठोके जात होते. हुकूमही जात होता, पेटी नियमानं विचारत होती, तू कोण. उत्तराच्या तारेवर सपाट रेघ. तोच लहान स्कोप मॉड्यूलच्या अंगावर लावला आणि मी खुर्चीत मागं टेकलो. मॉड्यूल उत्तर देत होतं. प्रत्येक वेळी, बरोबर ठोक्यावर, अचूक क्रमांक. ते पेटीपर्यंत पोचत नव्हतं एवढंच.

मग राहिली फक्त मधली जोडणी. पेटीची मागची बाजू उघडली, मॉड्यूलच्या पट्ट्या ज्यात बसतात ते सॉकेट सोडवलं आणि बॅटरीच्या उजेडात बघितलं. उत्तराच्या पट्टीला दाबून धरणारी जी इवलीशी स्प्रिंग असते, तिच्याआड तांदळाचा अर्धा दाणा अडकला होता. लाल. अंगठ्यानं रेटलं तेव्हा मीच तो आत बसवला होता. मी तो चिमट्यानं काढून कागदावर ठेवला.

माझी स्थिती काय झाली ते सरळ सांगतो. दाणा दाखवला तर मी सुटत होतो. निदान अर्धा सुटत होतो. पण दाखवणारा मी. पूजेत न बसणारा, दाराजवळच्या स्टुलावरचा. पूजेनं यंत्र बिघडलं हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं तर त्याचं काय झालं असतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय अण्णा. त्यांची निवृत्ती सहा महिन्यांवर आलेली. मला वाटलं, ही गोष्ट सांगायचा हक्क त्यांचा आहे, आणि ते सांगतील.

मी कागद त्यांच्यापुढं धरला. ‘सॉकेटात सापडला. तिसऱ्याच्या.’

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून दाणा जवळून बघितला. मग विचारलं, ‘कुणाला दावलास?’

‘नाही.’

‘बरं,’ ते म्हणाले. कागदाची पुडी केली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि जागेवर जाऊन बसले.

सोमवारी आम्ही सातजण विभागप्रमुखांच्या खोलीत बसलो. ते टेबलाच्या एका कडेपासून एकेकाला विचारत आले. तुला काही माहीत आहे का, तुम्हाला काही सांगायचं आहे का. मी शेवटून दुसरा होतो, अण्णा माझ्या आधी. आधीच्यांनी माना हलवल्या. अण्णांची पाळी आली. मी त्यांच्या खिशाकडं बघत होतो.

‘मला काय सांगायचं न्हाय,’ अण्णा म्हणाले.

विभागप्रमुख माझ्याकडं वळले आणि मी म्हणालो, ‘कप्पा तीनच्या सॉकेटमध्ये कचरा अडकला होता. काढला. यंत्र चालू आहे.’ कचरा कसा आला, त्यांनी विचारलं. माहीत नाही, मी म्हणालो. एवढं बोलताना मला इतका राग आला होता की कानांत गरम वाटत होतं. विभागप्रमुखांवर नाही. अण्णांवर.

माझ्या गोपनीय अहवालात शेरा पडला, ‘महत्त्वाचे उपकरण हाताळताना निष्काळजीपणा.’ जानेवारीत कायम जागेवर माझ्यानंतर लागलेल्या एकाला घेतलं. वडिलांना मी लिहिलं की जागा निघालीच नाही. त्यांनी उलट टपाली विचारलं, मग कधी निघणार.

अण्णांशी मी बोलणं टाकलं. भांडलो नाही, भांडणाला निदान दोन वाक्यं तरी लागतात. कामापुरतं हो, नाही. ते पुस्तक उघडून बसायचे आणि मी वाचायला जायचो नाही. एकदा ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ‘राग आला असंल तर शिव्या घाल की लेका,’ म्हणाले. मी सोल्डरिंग करत होतो. डोकं वर केलं नाही. ते गेले. त्यांच्या निरोप समारंभाच्या दिवशी मी रजा टाकून गावी गेलो. त्यानंतरही ते दोनदा प्रयोगशाळेत येऊन गेले. एकदा मी नव्हतो. एकदा होतो, आणि आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही.

माझा स्वभाव असा आहे. एखादा माणूस मनातून उतरला की उतरला. मला ते न्यायाचं वाटायचं. ज्याच्यासाठी मी गप्प बसलो तो माझ्यासाठी तोंड उघडू शकला नाही, एवढा हिशेब मला पुरेसा होता. त्यात मी कधी डोकावून बघितलं नाही. लहान स्कोप घेऊन तार तार तपासणारा मी, अण्णांना एकदाही विचारलं नाही की त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात.

अशी आठ वर्षं गेली. विभागप्रमुख दुसरीकडं गेले, नवे आले. मोठा स्कोपही जुना झाला. त्याच्या जागी आता पुस्तकाएवढे स्कोप आले आहेत. वडील निवृत्त झाले आणि पत्रं थांबून त्यांचे फोन सुरू झाले. प्रश्न तोच. मग एका वर्षी जुन्या तात्पुरत्या लोकांना कायम करायचा निर्णय झाला आणि माझं नाव त्यात आलं. कार्यालयात मूळ कागदांच्या झेरॉक्स हव्या होत्या. तिथल्या कारकुनानं कपाटातून माझी फाईल काढून माझ्याच हातात दिली. ‘तुमचीच हाय, तुमीच काढून आणा जावा. मला लई कामं हाईत.’ वास्तविक ती फाईल माझ्या हातात यायला नको होती. मी झेरॉक्सच्या दुकानातल्या रांगेत उभा राहून पानं उलटत होतो.

शेऱ्याच्या कागदामागं वहीचं एक पान लावलेलं होतं. अक्षर बघताच ओळखलं. आठ वर्षांपूर्वीची तारीख, त्या सोमवारच्या आदल्या शनिवारची.

‘खंडेनवमीला पेटीच्या रिकाम्या कप्प्यात अक्षता मी टाकल्या. त्यातला दाणा सॉकेटात अडकून तिसरा कप्पा बंद पडला. दाणा सोबत जोडला आहे. मॉड्यूल बसविणाऱ्याची यात काही चूक नाही. शेरा मारणे झाल्यास माझ्या नावावर मारावा ही विनंती.’ खाली अण्णांची सही. कोपऱ्यात एक छोटी पुडी टाचलेली, गंजलेल्या टाचणीचा डाग पडलेली. आणि समासात लाल शाईनं विभागप्रमुखांचं अक्षर, ‘चर्चा केली. फाईल करावे.’

रांग पुढं सरकली. मागच्या माणसानं, ‘पावणं, चला की फुडं,’ म्हणून हाक दिली. मी रांगेतून बाहेर आलो. मला लाज वाटली. तिच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, ती फक्त वाटत राहिली, त्या दिवशी आणि रात्रभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागलची एस.टी. धरली. अण्णांचं घर महामार्गापासून आत, उसाच्या कडेला. ते अंगणात पोतं अंथरून बसले होते, पुढ्यात पंपाच्या मोटरचा स्टार्टर उघडलेला. वाळले होते. चष्मा जाड झाला होता. मला बघून ते दचकले नाहीत.

‘ये. बस,’ म्हणाले. ‘कायम झालास म्हणं.’

‘झालो.’

‘लई वेळ लावला त्येंनी.’

मी पोत्याच्या कडेला बसलो. एवढ्या वाटेत मी बरंच काही जुळवून आणलं होतं, ते सगळं बाजूला ठेवलं. जे आठ वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं तेच विचारलं. ‘अण्णा, त्या मीटिंगला तुम्ही बोलला का नाहीत?’

‘मीटिंगला बोलू नका म्हणून सायबांनीच सांगितलतं,’ अण्णा म्हणाले. हात स्टार्टरमध्येच होते. ‘मी शनवारीच चिठ्ठी दिलती. दाण्यासकट. साहेब म्हणाले, चारचौघांत पूजेचं निघालं तर ते त्या पोराच्या अंगावर येणार. त्यानंच कागाळी केली म्हणणार सगळी. तुमी गप ऱ्हावा. चिठ्ठी मी त्याला दावतो आन शेऱ्याचं बी बगतो. असं म्हणाले, आन मला पटलं. म्हणून गप ऱ्हायलो.’ स्क्रू पोत्यावर पडला, तो त्यांनी चाचपून शोधला. ‘फुडं शेरा काय पुसला न्हाय त्येंनी. मी दोनदा गेलतो सांगायला. करतो म्हणाले. तू बी बोलना झालास. म्हटलं, चिठ्ठी वाचून बी राग गेला न्हाय पोराचा. मग म्हटलं, कसा जाईल? आपल्या हातानं त्येची जागा गेली. बरोबर हाय त्येचं. मी तुला कधी नाव ठेवलं न्हाय.’

आतून त्यांच्या सूनबाई पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. मी पाणी प्यालो.

इथं थांबता आलं असतं. त्यांच्या समजुतीप्रमाणं मी सगळं माहीत असून रागावलो होतो आणि आज राग सोडून आलो होतो. ही समजूत दोघांच्याही सोयीची होती. तिच्यात मी कठोर ठरत होतो, पण अन्यायी ठरत नव्हतो. मी हो ला हो केलं असतं तर चहा पिऊन दुपारच्या गाडीनं परत येता आलं असतं.

‘अण्णा,’ मी म्हणालो, ‘ती चिठ्ठी मला कोणी दाखवली नाही. मी ती काल वाचली.’

त्यांचे हात थांबले. ‘काल?’

‘काल. फाईलमध्ये होती.’

ते माझ्याकडं वळले. आवाज चढलेला नव्हता, जुन्या दिवसांत पुस्तकातली एखादी ओळ परत वाचायला सांगताना असायचा तसाच होता.

‘मग इतकी वर्सं तू मला काय समजत हुतास रं?’

उत्तर माझ्याकडं तयार होतं. आठ वर्षं रोज घोटलेलं.

‘भेकड,’ मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली. स्टार्टरचं झाकण उचलून बसवायला लागले. ते उलटं धरलं होतं, बसेना. परत काढलं, परत तसंच लावलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक नट तिरका आवळला नव्हता, त्याला झाकणाची वरची बाजू कुठली ते कळत नव्हतं. मी हात पुढं केला आणि ते त्यांच्या बोटांतून काढून घेतलं. त्यांनी घेऊ दिलं.